नामार्थाचा मोह : सिंहवाचक नावांच्या निमित्ताने

८ मे २०२५ रोजी कार्डिनल रॉबर्ट प्रेव्होस्ट यांची पोपपदी निवड झाली आणि त्यांनी लिओ हे नाव धारण केले. लिओ हा लॅटिन शब्द. त्याचा अर्थ सिंह. एवढा अर्थ हाती लागला की त्यावर उपदेश रचण्याचा मोह सहसा आवरत नाही. सिंह निर्भय असतो, सिंह गर्जना करतो, सिंह वनाचा राजा असतो. यास्तव हे नाव धारण करणारा पुरुषही निर्भय, गर्जना करणारा व राजतेजाचा असला पाहिजे, अशी ती विचारसरणी. वस्तुतः निवडीनंतर दोनच दिवसांनी, १० मे रोजी, पोप लिओ चौदावे यांनी कार्डिनलांच्या सभेपुढे या नावाचे प्रमुख कारण स्वतःच सांगितले होते. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये 'रेरुम नोवारुम' हे परिपत्रक काढून यंत्रयुगातील कामगारांच्या प्रश्नाला वाचा फोडली. आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात श्रम व मानवी प्रतिष्ठा यांचा प्रश्न पुन्हा उभा आहे, म्हणून हे नाव. त्यांनी दिलेल्या कारणात वनातला सिंह नाही. पूर्वी त्याच आसनावर बसलेला एक माणूस आहे.

या एका नावापुरताच प्रश्न असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. परंतु नामार्थावरून उपदेश करण्याची ही रीत आपल्या व्यासपीठांवर व धर्मशिक्षणाच्या वर्गांत चांगलीच रुळलेली आहे. कोश उघडावयाचा, नावाचा मूळ अर्थ काढावयाचा, आणि तो अर्थ म्हणजेच त्या व्यक्तीचे चरित्र व तिच्याविषयीचा देवाचा संकल्प, असे श्रोत्यांस सांगावयाचे. ही रीत सोपी आहे, श्रोत्यांस आवडते आणि तीत उपदेशकाची विद्वत्ताही दिसते. तथापि ती पुष्कळदा असत्य असते, आणि काही प्रसंगी निर्दयही होते, असे आमचे म्हणणे आहे. ते आम्ही ईजिप्त, ग्रीस व बिझंटाइन साम्राज्य यांच्या इतिहासातील सिंहवाचक नावांच्या आधारे मांडू इच्छितो. सिंहाचीच नावे निवडण्याचे कारण असे की, या मोहाला सिंहाइतका बळी पाडणारा दुसरा प्राणी नाही.

प्रथम या रीतीच्या वाडवडिलांचा मान राखला पाहिजे. ती कालची नव्हे. पहिल्या शतकात आलेक्झांद्रियाचा यहूदी तत्त्वज्ञ फायलो याने शास्त्रातील नावांच्या बदलांवर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. तिसऱ्या शतकात त्याच नगरीच्या ओरिगेनने आपल्या प्रवचनांत नामार्थांचा मुक्तहस्ते उपयोग केला. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोम यांनी हिब्रू नावांच्या अर्थांचा एक कोशच लॅटिन भाषेत सिद्ध केला. या थोरांना आत्म्याचे हित साधावयाचे होते, यात संशय नाही. परंतु त्यांच्या हाती जी साधने नव्हती ती आज आपल्या हाती आहेत. म्हणून त्यांनी केलेली चूक आपण केली तर ती अधिक दोषास्पद ठरते.

ईजिप्तपासून आरंभ करू. ईजिप्तच्या चित्रलिपीत बसलेल्या सिंहाचे एक चिन्ह आहे. टॉलेमी व क्लिओपात्रा या राजनामांभोवती जी लंबवर्तुळाकार चौकट कोरलेली असते, तीत हा सिंह ठळकपणे दिसतो. कोणी उत्साही उपदेशक तो पाहून म्हणेल की, क्लिओपात्रा ही सिंहीण होती आणि तिच्या नावातच तिचा स्वभाव कोरला होता. परंतु १८२२ मध्ये फ्रेंच विद्वान शाम्पोल्यों याने या लिपीचे कोडे सोडविले, त्यात या परकीय राजनामांचा मोठाच आधार होता. आणि त्या नावांतील सिंहाचे काम केवळ 'ल' हा ध्वनी दाखविणे एवढेच आहे. आपल्या अक्षरमालेत ज्याप्रमाणे 'ग' शिकताना गणपती येतो पण 'गवत' लिहिताना तो येत नाही, तसेच हे होय. क्लिओपात्रा हे नाव मुळात ग्रीक. त्याचा अर्थ 'पित्याची कीर्ती'. चित्रात सिंह आहे, नावात सिंह नाही.

याच्या उलट प्रकार सेख्मेत देवीचा. सिंहिणीचे मस्तक धारण करणारी ही ईजिप्तची उग्र देवता. परंतु तिच्या नावाचा अर्थ 'सामर्थ्यवती' असा आहे. येथे मूर्तीत सिंह आहे, शब्दात नाही.

तिसरा प्रकार अधिक बोधप्रद आहे. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या १४ व्या अध्यायात यरुशलेमेवर चालून आलेल्या शिशक राजाचा उल्लेख येतो. बहुतेक अभ्यासक त्यास ईजिप्तच्या बाविसाव्या राजवंशाचा संस्थापक शेशोंक पहिला असे मानतात. याच वंशात पुढे शेशोंक तिसरा झाला. त्याच्या एका पुत्राचे नाव पिमाय. पुढे याच वंशात, ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात, पामी नावाचा राजा होऊन गेला. दीर्घकाळ विद्वानांनी हे दोघे एकच समजले. पुढे लेखनातील भेद नीट तपासला तेव्हा ध्यानात आले की, 'पिमाय' म्हणजे सिंह, आणि 'पामी' म्हणजे मांजर. ती दोन नावे, ती दोन माणसे. मांजर हे बास्तेत देवीचे पवित्र जनावर असल्यामुळे त्या देशात ते नाव धारण करण्यात राजाला कमीपणा नव्हता. एका स्वराच्या फरकाने मांजराचा सिंह झाला आणि एका राजपुत्राच्या माथी दुसऱ्याचा मुकुट बसला. ज्यांचे आयुष्य या लिपीच्या अभ्यासात गेले त्यांची जर अशी फसगत होते, तर शनिवारी रात्री घाईने कोश चाळणाऱ्या आपल्यासारख्यांनी किती सावध असावे!

स्थलनामांचीही हीच कथा आहे. ग्रीकांनी ईजिप्तमधील दोन स्थळांस 'लिओंतोपोलिस', म्हणजे सिंहनगर, असे म्हटले. त्यांतील एक नाईलच्या त्रिभुज प्रदेशातील आजचे तेल एल-मुकदाम. तेथे माहेस नामक सिंहदेवाची पूजा होई. दुसरे आजचे तेल एल-याहुदिया, म्हणजे यहूद्यांची टेकडी. यहूदी इतिहासकार योसेफस सांगतो की, यरुशलेमेच्या याजककुळातील ओनियास याने टॉलेमी सहावा याच्या अनुज्ञेने या दुसऱ्या स्थळी, बास्तेत देवीच्या मोडकळीस आलेल्या देवळाच्या जागी, इस्राएलाच्या देवाचे मंदिर उभारले, आणि त्यासाठी यशयाच्या १९ व्या अध्यायातील ईजिप्तमधल्या वेदीच्या वचनाचा आधार घेतला. हे मंदिर दोन शतकांहून अधिक काळ टिकले. यरुशलेमेच्या पाडावानंतर लवकरच रोमी सत्तेने तेही बंद केले. दोन सिंहनगरांची गफलत करणारा सिंहदेवाच्या गावी यहूदी मंदिर शोधत बसेल. आणि नावावरून गावाचे भवितव्य ठरविणारा तर असेच म्हणेल की, जेथे देवीचे सिंह-मांजर पूजिले गेले तेथे परमेश्वराचे नाव घेतले जाणे शक्यच नाही. परंतु ते घेतले गेले.

आता ग्रीसकडे वळू. सिंहनामांचा मुकुटमणी म्हणजे ख्रिस्तपूर्व ४८० मध्ये थर्मोपिलीच्या खिंडीत धारातीर्थी पडलेला स्पार्टाचा राजा लिओनिदास. त्याचे नाव 'सिंहासारखा' असे सर्रास सांगितले जाते. परंतु या नावाच्या शेवटी आलेला प्रत्यय सादृश्य दाखवीत नाही, वंश दाखवितो. पांडूचे ते पांडव, रघूचा तो राघव, तसा लिओनचा तो लिओनिदास. आणि लिओन हे त्याच्या आजोबांचे नाव होते. हिरोडोटसने दिलेल्या वंशावळीत लिओन, त्याचा पुत्र अनाक्सांद्रिदास, आणि त्याचा पुत्र लिओनिदास, असा क्रम स्पष्ट आहे. नाव ठेवणाऱ्यांनी मुलाच्या ठायी सिंह पाहिला असे नव्हे. घराण्यातील एक वडील त्यांच्या स्मरणात होते.

हिरोडोटस असेही सांगतो की, त्या खिंडीतील टेकाडावर पुढे लिओनिदासाच्या स्मरणार्थ एक दगडी सिंह उभारण्यात आला. म्हणजे नाव व सिंह यांची सांगड ग्रीकांनीही घातली होती, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु क्रम पाहावा. आधी मरण, मग सिंह. त्या माणसाने प्राण वेचले, आणि नंतर लोकांनी त्याच्या नावात सिंह वाचला. आपले उपदेशक हाच क्रम उलटा करतात.

लिओनिदासाचा समकालीन दुसरा स्पार्टन राजा लिओतिखिदास. ख्रिस्तपूर्व ४७९ मध्ये मिकालीच्या युद्धात ग्रीकांचे नेतृत्व त्याचेच होते. त्याच्या नावातही 'लिओ' ऐकू येते. परंतु तो सिंह नव्हे. तो 'लाओस' या शब्दाचा अवशेष आहे, आणि लाओस म्हणजे लोक, जनता. अथेन्सच्या बोलीत या शब्दाचे रूप 'लेओस' असे होई. अथेन्सचा सेनानी लिओस्थेनिस याचे नावही याच शब्दापासून : लोकांचे बळ. कानाला जो सिंह वाटला तो प्रत्यक्षात लोक निघाला! धर्मसेवकांनी या ठिकाणी क्षणभर थांबावे अशी आमची विनंती आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात हे दोन्ही ग्रीक शब्द आले आहेत. दुसऱ्या अध्यायाच्या दहाव्या वचनात ख्रिस्तमंडळीला देवाचे लोक म्हटले आहे. तेथे शब्द लाओस. पाचव्या अध्यायाच्या आठव्या वचनात जो गर्जत फिरतो व कोणाला गिळावे हे शोधतो तो सैतान. तेथे शब्द लिओन. प्रेषिताने मंडळीसाठी सिंहाचा शब्द निवडलेला नाही, लोकांचा निवडला आहे.

अथेन्सच्या इतिहासातील आणखी एक लिओन आम्हांस विसरता येत नाही. ख्रिस्तपूर्व ४०४ मध्ये तीस जुलमी सत्ताधीशांनी सालामिस बेटावरील लिओन नावाच्या गृहस्थाला ठार मारण्यासाठी पकडून आणण्याची आज्ञा पाच जणांस दिली. त्या पाचांपैकी एक सॉक्रेटिस होता. चौघे सालामिसला गेले; सॉक्रेटिस मुकाट्याने आपल्या घरी गेला. प्लेटोने हा प्रसंग सॉक्रेटिसाच्याच तोंडून सांगविला आहे. लिओन मारला गेला. नाव सिंहाचे, आणि प्रसंग वधासाठी नेल्या जाणाऱ्या मेंढराचा. शौर्य कोठे दिसले? ज्याच्या नावात सिंहाचा मागमूसही नव्हता, त्या सॉक्रेटिसाच्या नकारात.

ख्रिस्ती इतिहासातही असा एक लिओनिदास आहे. इ. स. २०२ च्या सुमारास, सेप्टिमियस सेव्हेरस सम्राटाच्या काळात झालेल्या छळात, आलेक्झांद्रियात त्याचा शिरच्छेद झाला. ओरिगेन हा त्याचाच ज्येष्ठ पुत्र. युसेबियस लिहितो की, तरुण ओरिगेन पित्याबरोबर मरण पत्करावयास निघाला होता. आईने त्याचे कपडे लपवून ठेवले म्हणून तो घरी राहिला. मग त्याने तुरुंगातील पित्याला पत्र लिहून, आमच्यासाठी निश्चय ढळू देऊ नका, असे कळविले. आपण सिंहनामा आहोत, हा या पित्याचा आधार नव्हता. त्याचा आधार ख्रिस्त होता, आणि मागे राहिलेल्या मुलाचे ते पत्र होते.

बिझंटाइन साम्राज्यात तर लिओ नावाचे सहा सम्राट झाले. त्यांतील तिसरा लिओ याने ७१७-७१८ मध्ये अरबांच्या वेढ्यातून कॉन्स्टँटिनोपल वाचविले. पुढे त्याच्याच कारकिर्दीत पवित्र प्रतिमांविरुद्धची चळवळ सुरू झाली आणि ७३० मध्ये पात्रिआर्क गेर्मानस यांना पद सोडावे लागले. त्याचा पुत्र कॉन्स्टंटाइन पाचवा. ८१३ मध्ये पाचवा लिओ सिंहासनावर आला. प्रतिमाविरोधी सम्राटांना जय व दीर्घ राज्य लाभले, असे त्याचे मत होते. म्हणून त्याने काय केले? सिम्बातियस नावाच्या आपल्या मुलाचे नाव बदलून कॉन्स्टंटाइन ठेवले, म्हणजे लिओ व कॉन्स्टंटाइन ही यशस्वी जोडी पुन्हा राज्यावर दिसावी! येथे लिओ या शब्दाचा अर्थ सिंह राहिलेलाच नाही. त्याचा अर्थ 'तिसऱ्या लिओसारखा' असा झाला आहे. नाव हे राजकारणाचे साधन बनले. आणि त्या साधनाचा उपयोग किती झाला? ८२० च्या नाताळच्या दिवशी प्रार्थना चालू असता राजवाड्यातील मंदिरात पाचव्या लिओचा वध झाला आणि नव्या कॉन्स्टंटाइनचे राज्य आलेच नाही.

सहावा लिओ, ज्यास इतिहास 'सुज्ञ' म्हणतो, तो रणांगणापेक्षा ग्रंथांत रमणारा होता. त्याने स्वतः धर्मप्रवचनेही रचली. ९०४ मध्ये त्याच्या साम्राज्यातील दुसऱ्या क्रमांकाचे नगर थेस्सलनीका लुटले गेले. लुटणाऱ्या आरमाराचा प्रमुख कोण? त्रिपोलीचा लिओ, जो जन्माने साम्राज्यातील ख्रिस्ती असून पुढे मुसलमान झाला होता. सिंहाचे नगर सिंहाने लुटले. नामार्थावर विसंबणाऱ्याने या दोहोंपैकी कोणाच्या बाजूने उपदेश करावा?

परंतु ज्या प्रसंगासाठी आम्ही हा सारा इतिहास उलगडला तो याहून भयंकर आहे. ६९५ मध्ये लिओंतियस नावाच्या सेनापतीने सम्राट जस्टिनियन दुसरा यास पदच्युत केले, त्याचे नाक कापले व त्यास हद्दपार केले. लिओंतियसच्या नाण्यांवर त्याचे नाव लिओ असे आढळते. ६९८ मध्ये अप्सिमार नावाच्या अधिकाऱ्याने तिबेरियस हे नाव घेऊन त्यासही गादीवरून काढले आणि त्याचेही नाक कापले. ७०५ मध्ये जस्टिनियन परतला. त्याने दोघांनाही बेड्या घालून शर्यतीच्या रंगणात आणविले, जमिनीवर पालथे पाडले, आणि शर्यत चालू असता एक पाय एकाच्या मानेवर व दुसरा दुसऱ्याच्या मानेवर ठेवून तो आसनावर बसला. इतिहासकार थिओफानिस सांगतो की, त्या वेळी जमलेल्या लोकांनी स्तोत्र ९१ चे तेरावे वचन मोठ्याने म्हणावयास आरंभ केला. ते वचन सिंह व सर्प यांस तुडविण्याविषयीचे आहे. ग्रीक भाषांतरात सर्पासाठी 'आस्पिस' हा शब्द आहे. सिंह म्हणजे लिओंतियस, आस्पिस म्हणजे अप्सिमार! खेळ संपल्यावर दोघांचेही शिर उडविण्यात आले.

या कोटीतील चातुर्य नाकारता येत नाही. परंतु ती कोटी केवळ ग्रीक भाषांतरातच साधते. मूळ हिब्रूत अप्सिमारला जवळचा असा शब्दच नाही. अप्सिमार आणि आस्पिस यांचा संबंधही केवळ कानाचा, व्युत्पत्तीचा नव्हे. ही झाली भाषेची बाजू. खरी गोष्ट तिच्यापुढची आहे. देवावर भरवसा ठेवणाऱ्या भयभीत माणसाला दिलासा देणारे हे स्तोत्र. त्यातील एक वचन उचलून, ज्यांच्या मानेवर राजाचा पाय आहे अशा दोन अगोदरच विद्रूप केलेल्या माणसांवर ते फेकण्यात आले. फेकणारे अविश्वासी नव्हते. बाप्तिस्मा घेतलेले, स्तोत्रे मुखोद्गत असलेले, आपल्यासारखेच मंडळीचे लोक होते. नामार्थ जुळला आणि त्यांची दया सुटली.

आणि हे स्तोत्र कोणते, याचे स्मरण करावे. मत्तय व लूक यांच्या चौथ्या अध्यायांत सैतान प्रभूला मंदिराच्या शिखरावर नेऊन ज्या स्तोत्राचा आधार देतो तेच हे एक्क्याण्णवावे स्तोत्र. त्याने अकरावे व बारावे वचन वापरले आणि तेथेच तो थांबला. त्याच्या पुढचे तेरावे वचन रंगणातील जमावाने वापरले. रॅव्हेन्ना येथील आर्चबिशपांच्या प्रार्थनामंदिरात, सुमारे इ. स. ५०० मधील एका भित्तिचित्रात, ख्रिस्त सिंह व सर्प यांवर पाय ठेवून उभा आहे. त्याच्या पायाखाली आहे ते पाप व मरण. कोणा शत्रूची मान नव्हे. शास्त्रवचन मुखी असणे आणि शास्त्राचा आत्मा अंगी असणे यांत किती अंतर असू शकते, हे या दोन दृश्यांच्या तुलनेतून कळते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. शास्त्र स्वतःच नावांचे अर्थ सांगत नाही काय? अब्राहाम, इस्राएल, पेत्र, आणि सर्वांहून थोर असे येशू हे नाव, यांचे अर्थ तर वचनातच दिलेले आहेत. होय, दिलेले आहेत. परंतु तेथे अर्थ सांगणारा कोश नसून नाव देणारा आहे, आणि तो अर्थ सांगताना तो स्वतःला वचनाने बांधून घेतो. अब्राहामाच्या नावाचा अर्थ देव पूर्ण करतो. अब्राहामाने तो आपल्या स्वभावातून काढावयाचा नसतो. शिवाय, शास्त्र जेथे गप्प आहे तेथे आपण बोलके होऊ नये. यहूदाला उत्पत्तीच्या ४९ व्या अध्यायात सिंहाची उपमा आहे, परंतु त्याच्या नावाचा अर्थ २९ व्या अध्यायात आईने सांगितला आहे तो स्तुतीचा. उलट, शास्त्यांच्या १८ व्या अध्यायातील लईश या नगराचे नाव सिंहवाचक आहे. तेथील रहिवासी कसे होते? शांत, निश्चिंत, कोणाशी वैर नसलेले. दानाच्या वंशजांनी त्यांची कत्तल केली, नगर जाळले आणि त्याचे नावही बदलले. सिंहनगरात कोकरे राहत होती, आणि शास्त्राने ही गोष्ट कोणतीही कोटी न करता नोंदवून ठेवली आहे.

आमच्या वाचकांस वाटेल की, लिओंतियस व लईश यांचा आमच्या रविवारच्या उपासनेशी काय संबंध? संबंध आहे. आपल्या मंडळ्यांत धोंडू आहेत, दगडू आहेत, कचरू व भिकू आहेत. ज्यांची पोरे जगत नसत अशा आईबापांनी, दृष्ट लागू नये, मरणाने या लेकराकडे वळून पाहू नये, म्हणून ही नावे ठेवली. त्या नावांचा कोशातला अर्थ कचरा आहे; खरा अर्थ आईचे भय व आईची माया हा आहे. आता व्यासपीठावरून आपण सांगू लागलो की, लिओ म्हणजे सिंह आणि नाव हेच देवाचे विधान, तर मागच्या बाकावर बसलेल्या कचरूने काय ऐकावे? त्याला आपल्याविषयी देवाचे काय विधान कळेल? रंगणातील जमावाने दोघांना नावावरून तुडविले. आपण तेच काम न कळत, गोड शब्दांत, उपासनेच्या मध्यभागी करू शकतो. ही रीत निर्दय ठरू शकते असे आम्ही आरंभी म्हटले ते यासाठीच.

मग नामार्थ सोडूनच द्यावयाचे काय? तसे आम्ही म्हणत नाही. धर्मशिक्षकांनी एवढे तीन प्रश्न स्वतःस विचारावेत. हे नाव कोणी दिले, आणि कोणाच्या स्मरणार्थ? ते कोणत्या भाषेत, कोणत्या काळी दिले गेले, आणि त्या वेळी ऐकणाऱ्यांस त्यात खरोखर तो अर्थ ऐकू येत होता काय? आणि, शास्त्राने स्वतः तो अर्थ सांगितला आहे काय? तिन्ही प्रश्नांची उत्तरे हाती असतील तर अवश्य बोलावे. नसतील तर त्या व्यक्तीचे चरित्र सांगावे. ते सांगण्यास कोशाची गरज पडत नाही. बाप्तिस्म्यासाठी मूल आणणाऱ्या आईबापांनी नावाचा अर्थ विचारला तर तो प्रामाणिकपणे सांगावा, आणि त्याबरोबर हेही सांगावे की, आज या लेकरावर जे नाव उच्चारले जाणार आहे ते पित्याचे, पुत्राचे व पवित्र आत्म्याचे आहे; त्याच्या अर्थाची जबाबदारी देवाने घेतली आहे.

प्रकटीकरणाच्या पाचव्या अध्यायात योहान रडत असता एक वडील त्यास सांगतो की, यहूदा वंशाच्या सिंहाने जय मिळविला आहे. योहान त्या दिशेने पाहतो, आणि त्यास दिसतो तो वधलेला असा कोकरा. कानांनी सिंह ऐकला, डोळ्यांनी कोकरा पाहिला. सिंह खोटा ठरत नाही. परंतु सिंहाचा अर्थ कोणता, हे कोकऱ्याकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. सिंहवाचक नावांचा ख्रिस्ती अर्थ लावण्याची किल्ली आम्हांस येथे दिसते.

ही गोष्ट पूर्वेकडील मंडळीने एका संताच्या आख्यायिकेत फार सुंदर रीतीने जतन केली आहे. निकोमेदिया येथे चौथ्या शतकाच्या आरंभी पांतालेओन नावाचा एक वैद्य होता. त्याच्या नावाचा अर्थ 'सर्व बाबतींत सिंह'. तो मोबदला न घेता आजाऱ्यांची सेवा करी. ख्रिस्ती असल्याबद्दल त्यास देहदंड झाला. परंपरा सांगते की, मृत्यूच्या क्षणी स्वर्गातून त्यास नवे नाव मिळाले : पांतेलेइमोन, म्हणजे सर्वांवर दया करणारा. पश्चिमेकडील मंडळी त्यास अजूनही जुन्या नावाने ओळखते. पूर्वेकडील मंडळी नव्या नावाने. ध्वनीत फरक थोडा, अर्थात फरक फार मोठा. त्या माणसाच्या नावात जन्मापासून सिंह होता. परंतु त्याने आयुष्यभर जे केले त्यावरून त्याचे नाव ठरले, आणि ते ठरविणारा कोशकार नव्हता.